गंबोरोचं बिल: मेलेल्या पक्ष्यांपेक्षा जगलेल्यांचं मोठं

लॉट विकून झाला की हिशेबाच्या वहीत गंबोरोच्या नावावर एकच रकाना भरला जातो, तो म्हणजे मरतुक. किती पक्षी गेले, त्याला पिल्लाच्या भावाने गुणलं, झाला हिशेब. प्रत्यक्षात हा हिशेब निम्मासुद्धा नसतो. गंबोरोची मर आठवड्याभरात थांबते, पण त्याचं बिल लिफ्टिंगच्या दिवसापर्यंत चढत राहतं. या बिलातला मोठा वाटा जगलेल्या पक्ष्यांचा असतो.

म्हणून हा लेख आजाराच्या माहितीपेक्षा पैशाच्या अंगाने लिहिला आहे. गंबोरो शिरला तर काय जातं, तो टाळायला काय लागतं, आणि कुठे केलेली काटकसर महागात पडते, हे इथे मांडलं आहे. पिल्लं, खाद्य आणि लस यांचे भाव महिन्यागणिक आणि जिल्ह्यागणिक बदलतात. त्यामुळे खाली 'समजा' म्हणून जे रुपयांचे आकडे घेतले आहेत ते केवळ उदाहरणाचे आहेत. त्या जागी तुमच्या बिलातले आकडे घाला. गणित तेच राहील.

आधी आजार नेमका कुठे घाव घालतो ते पाहू, कारण सगळा खर्च तिथूनच सुरू होतो. कोंबडीच्या शेपटीखाली, गुदद्वाराच्या वरच्या बाजूला आत एक छोटी पिशवीसारखी ग्रंथी असते. तिला बर्सा म्हणतात. १९५६ मध्ये अमेरिकेत ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, लहानपणीच बर्सा काढून टाकलेल्या कोंबड्या रोगाविरुद्ध प्रतिपिंडं नीट तयार करू शकत नाहीत. म्हणजे पक्ष्याच्या रोगप्रतिकाराची शाळाच ती. गंबोरोचा विषाणू नेमका या बर्सावर बसतो. १९५७ च्या सुमारास डेलावेअर राज्यातल्या गंबोरो गावाच्या परिसरात हा आजार लक्षात आला. १९६२ मध्ये कॉसग्रोव्ह यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा सुजलेली मूत्रपिंडं पाहून त्याला मूत्रपिंडाचा आजार मानलं होतं. भारतात त्याची नोंद १९७१ पासून आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात या विषाणूचं अतितीव्र रूप पुढे आलं आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या शेडमध्येही त्याने मोठी मर घडवली.

लक्षणं दिसतात ती साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या पक्ष्यांत. पक्षी पिसं फुलवून कोपऱ्यात बसतात, खाद्य सोडतात, पांढरी पातळ हगवण लागते, काही पक्षी स्वतःच्याच गुदद्वाराला टोचा मारतात. मर सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त होते आणि पाच-सात दिवसांत ओसरते. लेयरच्या पांढऱ्या तलंगांमध्ये ती ब्रॉयलरपेक्षा जास्त तीव्र असते. हे झालं डोळ्यांना दिसणारं नुकसान. तीन आठवड्यांच्या आत विषाणू आला तर मात्र काहीच दिसत नाही. पिल्लं खातात, फिरतात, आणि आत बर्सा वाळत जाते. अशा पक्ष्यांना पुढे दिलेली मानमोडीवरची लासोटा लस लागू होत नाही आणि मानमोडी होते, कोलायचा आजार चिकटतो, कॉक्सी पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. शेतकरी दर आठवड्याला वेगळ्या आजाराचं वेगळं औषध आणत राहतो, पण मूळ कारण एकच असतं.

नुकसानीचं बिल कसं काढायचं

पाच हजार ब्रॉयलरचा स्वतःचा फार्म धरू. समजा पिल्लू ३५ रुपयांचं, खाद्य किलोला ४० रुपये, आणि पक्षी दोन किलोचा करून विकायचा. नेहमीची मरतुक चार टक्के, म्हणजे दोनशे पक्षी. त्यात पंचविसाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो आला आणि आणखी पाच टक्के, म्हणजे २५० पक्षी गेले.

पंचविसाव्या दिवशी मेलेला पक्षी हा ३५ रुपयांचा तोटा नसतो. तोपर्यंत त्याने दीड-पावणेदोन किलो खाद्य खाल्लेलं असतं. १.६ किलो धरलं तरी ६४ रुपये झाले. ब्रूडिंग, तूस, औषधं मिळून सहा रुपये धरा. एक पक्षी १०५ रुपयांना पडला. २५० पक्ष्यांचे २६,२५० रुपये. वहीत लिहिला जातो तो रकाना एवढाच, आणि तोही बहुतेक जण पिल्लाच्या भावाने लिहितात.

आता उरलेले ४,५५० पक्षी बघा. आजारातून उठलेला पक्षी खातो, पण अंगी लावत नाही. समजा एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागे लागणारं खाद्य, १.६० वरून १.७५ वर गेला. दोन किलोच्या पक्ष्यामागे ३०० ग्रॅम खाद्य जास्त, म्हणजे १२ रुपये. ४,५५० पक्ष्यांचे ५४,६०० रुपये. मेलेल्या पक्ष्यांच्या दुपटीहून जास्त! मागाहून येणाऱ्या आजारांच्या औषधाला पक्ष्यामागे दोन रुपये धरले तर ९,१०० रुपये आणखी. एकूण ८९,९५० रुपये झाले. शेडमध्ये टाकलेल्या प्रत्येक पिल्लावर जवळपास १८ रुपये. लॉट तीन-चार दिवस लांबला, पक्षी लहान-मोठे निघाले आणि व्यापाऱ्याने भाव पाडला, तर ते यात धरलेलंच नाही.

कंपनीच्या करारावर पक्षी वाढवणाऱ्यांना वाटतं की पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, मग आपलं काय जातं? करारपत्र काढून वाचा. बहुतेक करारांत वाढणावळ उत्पादन खर्चाशी बांधलेली असते. मरतुक आणि एफसीआर ठरलेल्या हद्दीबाहेर गेले की किलोमागचा दर कमी होतो. वरच्या उदाहरणात विक्रीचं वजन ९,१०० किलो आहे. दर किलोला एक रुपया कापला गेला तरी तुमच्या हातातले ९,१०० रुपये गेले. वीज, मजुरी आणि शेडचा हप्ता मात्र तेवढाच राहतो.

लस: कोणती, आणि त्याहून महत्त्वाचं, कधी

गंबोरोवर औषध नाही. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. त्यामुळे खर्चाची जागा एकच, ती म्हणजे आजार येण्याआधी.

पाण्यातून द्यायच्या जिवंत लशी ताकदीनुसार वेगवेगळ्या येतात. सौम्य, इंटरमिजिएट आणि इंटरमिजिएट प्लस, जिला फार्मवर सरसकट 'हॉट' म्हणतात. समजा हजार मात्रांची बाटली ५०० रुपयांना मिळाली. पाच हजार पक्ष्यांना पाच बाटल्या, २,५०० रुपये, म्हणजे पक्ष्यामागे ५० पैसे. पाच हजार पक्ष्यांना तीनच बाटल्या पुरवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. त्यात हजार रुपये वाचतात. ज्या लॉटचा धोका नव्वद हजारांचा आहे त्यात हजार वाचवणं ही काटकसर नव्हे. मात्रा कमी पडली की काही पक्षी उघडे राहतात, आणि विषाणूला तेवढे पुरतात.

खरा घोळ होतो तो दिवसाचा. पिल्लू अंड्यातून येताना आईकडून प्रतिपिंडं घेऊन येतं. हॅचरीने पैदाशीच्या कोंबड्यांना चांगली लस दिलेली असेल तर ही प्रतिपिंडं भरपूर असतात आणि पिल्लाला सुरुवातीचे दिवस सांभाळतात. पण तीच प्रतिपिंडं आपण दिलेली जिवंत लसही मारून टाकतात. लवकर दिलेली लस त्यामुळे वाया जाते, आणि उशीर केला तर फार्मवरचा विषाणू आधी पोचतो. मधली फट पकडायची असते.

ही फट मोजता येते. रक्ताच्या एलिसा चाचणीत प्रतिपिंडांची पातळी कळते. ब्रॉयलरमध्ये ती साधारण तीन ते साडेतीन दिवसांत निम्मी होते, लेयरच्या पिल्लांत जास्त सावकाश. इंटरमिजिएट लस साधारण १२५ च्या पातळीला काम करू लागते, हॉट लस ५०० ला. समजा पिल्लांची सरासरी पातळी ४,००० आली. ४,००० चे २,०००, मग १,०००, मग ५०० होतात, म्हणजे तीनदा निम्मे. हॉट लशीचा दिवस साधारण अकरावा येतो. १२५ पर्यंत यायला पाचदा निम्मे व्हावं लागतं, म्हणजे सतरा-अठरावा दिवस. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर शहराच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र हेच गणित बारकाईने करतं. पहिल्या काही दिवसांत घेतलेल्या नमुन्यासाठी त्यात थोडे दिवस अधिक धरतात, शिवाय सगळ्या पिल्लांची पातळी सारखी नसल्याने किती टक्के पक्षी झाकायचे तेही ठरवतात. त्यासाठी एका लॉटमधल्या वीसेक पिल्लांचे नमुने लागतात.

आता विचार करा. पातळी ४,००० असलेल्या पिल्लांना कॅलेंडर बघून बाराव्या दिवशी इंटरमिजिएट दिली तर ती बहुतेकांत मरून जाईल. बाटल्या रिकाम्या झाल्या, पैसे गेले, वहीत 'गंबोरो लस दिली' अशी नोंद झाली, आणि पक्षी उघडेच राहिले. 'लस देऊनही गंबोरो आला' ही तक्रार जिथे जिथे ऐकू येते, तिथे लशीच्या दर्जाआधी लशीचा दिवस तपासावा असं माझं स्पष्ट मत आहे.

एलिसाचा खर्च एकट्या छोट्या शेतकऱ्याला जड वाटतो, आणि ते खरंही आहे. उपाय असा, की एकाच हॅचरीची, एकाच दिवसाची, एकाच पैदाशीच्या कळपातली पिल्लं घेणाऱ्या चार-पाच जणांनी मिळून एकदाच तपासणी करावी. हॅचरी वेगळी असेल तर दुसऱ्याचा अहवाल आपल्याला चालत नाही. हेही जमत नसेल तर बारा ते चौदा दिवसांच्या दरम्यान एक आणि आठवड्याने दुसरी, अशा दोन मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्याव्यात. पक्ष्यामागे आणखी ५० पैसे जातील, पण दिवस चुकण्याचा धोका कमी होईल.

हॉट लस सरसकट वापरणंही योग्य नाही. ती आईच्या प्रतिपिंडांतून लवकर वाट काढते, कारण ती जोरकस असते. त्याच जोराने ती बर्सालाही थोडी इजा करते. ज्या शेडमध्ये आधीच्या लॉटला गंबोरो येऊन गेला आहे तिथे ती घ्यावी. स्वच्छ, नव्या शेडमध्ये तिची गरज नसते.

याशिवाय हॅचरीतच दिल्या जाणाऱ्या लशी आहेत. एका प्रकारात मॅरेक्सच्या लशीसाठी वापरल्या जाणाऱ्या टर्कीच्या निरुपद्रवी विषाणूत गंबोरोचा संरक्षक प्रथिनाचा तुकडा, ज्याला व्हीपी-२ म्हणतात, तो घातलेला असतो. दुसऱ्यात लशीचा विषाणू प्रतिपिंडांत गुंडाळलेला असतो आणि आईची प्रतिपिंडं उतरली की तो कामाला लागतो. गेल्या काही दशकांच्या संशोधनाने शेतकऱ्याच्या हातात दिलेली ही सर्वात उपयोगी गोष्ट आहे, कारण दिवस चुकणं आणि पाण्यातली गडबड हे दोन्ही प्रश्न सुटतात. पिल्लू महाग मिळतं. समजा दोन रुपये जास्त पडले, तर पाच हजार पिल्लांचे दहा हजार झाले. मोठ्या फार्मला आणि वारंवार गंबोरो येणाऱ्या भागात मी ते पैसे घालण्याच्या बाजूने आहे. मात्र बिलावर लशीचं नाव लिहून घ्या. 'हॅचरीत सगळं केलंय' हे तोंडी उत्तर पुरेसं नाही.

सत्तर लिटर पाण्याचा खेळ

लस बरोबर, दिवस बरोबर, तरी ती पाण्यात मरते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन तिला मारतो, म्हणून दोन दिवस आधीपासून पाण्यात कोणतंही जंतुनाशक नको. चौदाव्या दिवशी हजार पक्ष्यांना साधारण चौदा लिटर, म्हणजे पाच हजारांना ७० लिटर पाणी पुरतं. त्यात लिटरला अडीच ग्रॅमप्रमाणे १७५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आधी मिसळायची, मग लस. पावडरीचा खर्च शंभर रुपयांच्या आतला आहे, आणि उरलासुरला क्लोरीन तीच निकामी करते. बाटलीचं बूच पाण्याखाली धरून उघडायचं. सकाळच्या गारव्यात एक-दीड तास पाणी बंद ठेवून पक्ष्यांना तहान लागू द्यायची, आणि पुढच्या दोन तासांत लशीचं सगळं पाणी संपलं पाहिजे.

पाण्यात लशीसाठी मिळणारा निळा रंग टाका. निपलच्या पाइपमधून शेवटच्या टोकाला निळं पाणी येईपर्यंत जुनं पाणी सोडून द्या. दोन तासांनी शेडच्या चारही कोपऱ्यांतून आणि मधून पक्षी उचलून चोच उघडून बघा. जीभ निळी दिसली तर लस पोचली. शंभरातल्या दहाही पक्ष्यांची जीभ कोरी असेल तर पाणी कुठे अडलं ते त्याच दिवशी शोधा. एवढी खात्री देणारी याहून स्वस्त तपासणी पोल्ट्रीत दुसरी नाही.

लस आणताना बर्फ घातलेल्या थर्मासमधूनच आणावी. २ ते ८ अंशांची साखळी दुकानापासून शेडपर्यंत तुटता कामा नये. दुकानातल्या फ्रीजमध्ये थंड पेयाच्या बाटल्यांमागे लस ठेवलेली दिसली, आणि फ्रीज तासाला दहा वेळा उघडत असेल, तर दहा-वीस रुपये जास्त देऊन दुसरीकडून घ्या.

शेड धुण्याचा खर्च

हा विषाणू फार चिवट आहे. त्याला बाहेरून चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे साधी जंतुनाशकं त्याचं फारसं बिघडवत नाहीत. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेंटन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात, पक्षी काढून नेल्यावर १२२ दिवसांनीही शेडमध्ये तो संसर्ग करण्याइतका जिवंत सापडला. पाण्यात, खाद्यात आणि विष्ठेत ५२ दिवस टिकला. म्हणजे दोन लॉटमध्ये पंधरा दिवस शेड रिकामं ठेवलं की झालं, असं समजू नका. रिकामा काळ हवाच, पण तो धुतल्यानंतरचा.

लिफ्टिंग झाल्या झाल्या, शेड अजून उबदार असतानाच तुसातल्या काळ्या भुंगेऱ्यांवर कीटकनाशक मारा. थंड झालं की ते भिंतींच्या फटींत आणि जमिनीत शिरतात, आणि पुढच्या लॉटला तोच विषाणू घेऊन बाहेर येतात. मग तूस काढा. कोंबडखताचा ढीग शेडच्या दारात नको. लांब नेऊन झाकून ठेवा. त्यानंतर डिटर्जंटने घासून धुणं, हीच खरी साफसफाई. विष्ठेच्या थरावर फवारलेलं महागडं औषध वरच्या वर राहतं. शेड वाळल्यावर फॉर्मेलिन किंवा ग्लुटरअल्डिहाइडवर आधारित जंतुनाशक वापरा. फॉर्मेलिन वापरताना तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लावा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. ही वाफ माणसाला बाधते. शेवटी ताज्या चुन्याचा हात. मजुरी धरून समजा सहा हजार रुपये लागले, तर पक्ष्यामागे १ रुपया २० पैसे.

दोन लशी, पावडर, धुलाई असं सगळं धरून पक्ष्यामागे सव्वादोन रुपयांच्या आसपास येतं. वर काढलेलं नुकसान १८ रुपयांचं होतं.

परसातल्या कोंबड्यांसाठी

शंभर-दीडशे गावरान, वनराजा किंवा गिरिराज पाळणाऱ्या ताईंना हजार मात्रांची बाटली परवडत नाही. पाण्यात मिसळलेली लस दोन तासांपुरतीच असते, उरलेली ठेवता येत नाही. काही लशी शंभर-दोनशे मात्रांच्या छोट्या बाटलीत मिळतात, आधी त्याची चौकशी करा. नाहीतर बचत गटातल्या सगळ्यांनी पिल्लं एकाच वेळी घ्यावीत आणि लसीकरणाचा दिवस एकच ठेवावा. ५०० रुपयांची बाटली आठ घरांत वाटली तर घरटी साडेबासष्ट रुपये पडतात.

शंका आली तर

आठवड्याची पिल्लं असोत की महिन्याचे पक्षी, अचानक मोठी मर, निळे तुरे, सुजलेली तोंडं असं काही दिसलं तर पक्षी फाडू नका आणि मेलेला पक्षी पिशवीत घालून दवाखान्यात नेऊ नका. ते बर्ड फ्लूही असू शकतं. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर किंवा तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. गंबोरो माणसाला होत नाही, पण तो गंबोरोच आहे हे आधी ठरायला हवं.

पशुवैद्यक शवविच्छेदन करतील तेव्हा शेजारी उभं राहून बघा. मांडीवरची कातडी सोलली की स्नायूवर लालसर-जांभळे ओरखडे दिसतात. शेपटीच्या बाजूने उघडल्यावर बोराएवढी बर्सा हाताला लागते. संसर्ग झाल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती नेहमीच्या दुप्पट फुगलेली, भोवती पिवळसर चिकट पाणी, कापली तर आतल्या घड्यांवर रक्ताचे ठिपके. आठव्या दिवशी तीच आकसून एक तृतीयांश झालेली असते. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतले ताजे मेलेले पक्षी दाखवणं गरजेचं आहे. उशीर झाला तर सांगता येत नाही. मांडीवरचे ओरखडे बुरशीयुक्त खाद्यानेही येतात, म्हणून बर्साचा नमुना प्रयोगशाळेत जाऊ द्या. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. परळ, शिरवळ, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही निदानाची सोय असते. दर आणि नमुना पाठवण्याची पद्धत आधी फोनवर विचारून घ्या.

निदान गंबोरोचं आलं तर त्या आठवड्यात दुकानदार देईल ती तीन-तीन प्रतिजैविकं आणू नका. थोडी ऊब, इलेक्ट्रोलाइट किंवा गुळाचं पाणी, मूत्रपिंडावर ताण येणार नाही असं खाद्य, कोरडं तूस आणि शांतता एवढ्यावर पक्षी सावरतात. प्रतिजैविक द्यायचं ते जिवाणूचा आजार मागोमाग आल्याचं पशुवैद्यकाने सांगितल्यावरच. मेलेले पक्षी ओढ्याकाठी किंवा कुत्र्यांपुढे टाकणारा माणूस शेजाऱ्याच्या शेडमध्ये आजार पोचवतो. खोल खड्डा आणि चुना याला पर्याय नाही.

पुढच्या लॉटची पिल्लं सांगताना भावाची घासाघीस करण्याआधी हॅचरीला तीन गोष्टी विचारा. पैदाशीच्या कळपाला गंबोरोची मारलेली लस कधी दिली, पिल्लांना हॅचरीत कोणती लस दिली, आणि पिल्लं एकाच कळपातली आहेत की मिसळलेली. उत्तरं वहीत लिहून ठेवा, आणि लशीच्या प्रत्येक बाटलीचा बॅच क्रमांक, मुदत व दिल्याचा दिवस त्याच पानावर नोंदवा. पशुवैद्यकाला पहिल्यांदा तेच पान दाखवा.